मॉलमधला बस्ता

तुम्ही मॉलच्या एसीचं आणि सरकत्या जिन्याचं कौतुक सांगताय, पण माझं माप वेगळं आहे. का ते ऐका.

नाशकात मॉल नवे होते तेव्हा माझं लग्न ठरलं. बस्ता मॉलमध्येच बांधायचा, हा हट्ट माझा. पिंपळगावहून होणाऱ्या सासूबाई टेम्पोभर बायका घेऊन आल्या. पहिल्या मॉलमध्ये कारंजं, संगमरवर, सगळं होतं. साड्यांपाशी पोचताच बायकांनी चपला काढल्या आणि फरशीवर मांडी घातली. बस्त्याला दुकानदार गादीवर बसवतो, साड्या पुढ्यात उलगडतो, हीच त्यांची रीत.

"मॅडम, इथे बसता येणार नाही," सेल्समन म्हणाला.

सासूबाई उठल्या. चपला घालून थेट टेम्पोत जाऊन बसल्या. मला वाटलं, लग्न मोडतंय आता.

दुसरा मॉल लहान, तिथला सरकता जिनाही बंद पडलेला. मी "बसू नका" म्हणेपर्यंत बायका बसल्यासुद्धा! काउंटरवरची मुलगी आली. मी डोळेच मिटले. तिनं बूट काढले, समोर बैठक मारली आणि विचारलं, "आधी नवरीच्या दाखवू, की मानपानाच्या?"

माझा संसार त्या पोरीनं वाचवला, असं मी आजही म्हणते.

निघताना सासूबाईंनी तिच्यावरून हात ओवाळून कानशिलांवर बोटं मोडली. "दुकान लय चांगलं हाय गं. मालकाला सांग, तेवढी एक गादी टाका."

दिवाळीला आम्ही दोघी परत गेलो, तर साड्यांपाशी खरंच पांढरीशुभ्र गादी!

सासूबाई मला म्हणाल्या, "बघतीस काय? चपला काढ."