सोमाकाकांचा ढोलवाला

नाशिकच्या त्या आंतरराष्ट्रीय नाट्यमहोत्सवात मी दुभाषी होते ना, तेव्हाचं सांगते. सुरगाण्याहून सोमाकाका आले होते, बोहाड्याचा, म्हणजे आदिवासी सोंगांच्या नाचाचा, लाकडी मुखवटा चढवून नाचणारे. त्यांचा भाऊ साथीला संबळ वाजवणार होता, पण त्याची एसटी घाटात बंद पडली. प्रयोगाला राहिले दोन तास.

मी म्हटलं, “काका, साथीशिवाय नाचता नाही का येणार?”

“मुखवट्यातून नीट दिसत नाय, पोरी. ठोका ऐकून पाय टाकायचा. नायतर जातो मी खाली, लोकांच्या अंगावर!”

शेजारी कोरियाचा मिन्हो बसला होता, त्यांच्या नाटकात ढोल वाजवणारा. मी त्याला अडचण सांगितली, तर तो ढोल घेऊनच उठला. मग दोघांना माझी गरजच उरली नाही. काका पाय आपटून ठोका दाखवायचे, तो वाजवायचा.

प्रयोगात काका नाचता नाचता थेट रंगमंचाच्या कडेला आले. मिन्होनं ढोलाच्या लाकडावर जोरात टक्‌ टक्‌ केलं. असं काही ठरलेलं नव्हतं, पण काका जागच्या जागी गर्रकन वळले. लोकांना वाटलं, मुद्दाम बसवलंय. टाळ्या थांबेनात!

काका घाम पुसत होते, तेवढ्यात भावाचा फोन आला. “दादा, उद्याच्या प्रयोगाला नक्की पोचतो.”

काका म्हणाले, “ये की. पण संबळ राहू दे. पुढं बसून बघ.”