दोन दिवसांचं पाणी

नाही मॅडम, तुम्ही रजिस्टरात अकरा वीस लिहिलंय ती भाऊजींची आत जायची वेळ — हे सगळं सुरू झालं ते एका मंगळवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. तीन दहाला स्लॅब संपला. शेवटचं घमेलं पडलं, मुकादमानं कमरेवर हात ठेवून श्वास सोडला आणि भाऊजींनी वर येऊन वहीत वेळ मांडली — मी तिथंच होते, पोरीला काखेत घेऊन. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, आता तुमच्या साहेबांपुढे बसलेत ते, निळा शर्ट. हो, प्लॅनिंगच्या जागेसाठी आलेत तेच. मी त्यांचा रुमाल द्यायला आले, घाईत विसरले ना. हो, एवढ्यासाठीच. दोन बस बदलून. तुम्ही हसताय — हसा, रुमालासाठी कोण दोन बस बदलतं, मलाही कळतं. पण जरा बसू ना इथं? ही कशाला हात लावणार नाही. भिंगरी, ती घंटी मॅडमची आहे, ठेव. भिंगरीच म्हणतो आम्ही तिला, सव्वादोन वर्षांची झाली पण एका जागी ठरेल तर शपथ.

तयारी म्हणाल तर मीच करून घेतली त्यांची. खरंच सांगते. सातवीपर्यंत शिकलेय, पण वाचताना अडखळत नाही, आणि भाऊजींनी प्रश्न सोप्या मराठीत लिहून दिले होते, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर — मी साहेब व्हायचं नि विचारायचं. पंधरा दिवस रोज. मी भांडी घासता घासता विचारायची, तर म्हणायचे, वहिनी, साहेब भांडी घासत मुलाखत घेत नाहीत, जरा खुर्चीत बसा; मी म्हणायची, ते आधी साहेबांच्या बायकोला विचारून या. उत्तरं माझीच पाठ झाली शेवटी. वेळापत्रकाच्या तक्त्यावर प्रत्येक कामाची एक पट्टी असते, हे संपल्याशिवाय ते सुरू होत नाही, कुठल्या कामाला सवड असते नि कुठल्याला मुळीच नसते — एखादं काम चार दिवस मागं-पुढं झालं तरी इमारतीला कळतसुद्धा नाही, आणि दुसरं एक दिवस घसरलं की थेट शेवटची तारीखच घसरते. मी म्हटलं, यासाठी कॉलेज कशाला पाहिजे, लहान पोर असलेल्या बाईला विचारा, तिच्या सगळ्याच पट्ट्या बिनसवडीच्या. भाऊजी इतके हसले, म्हणाले, हे मी आत सांगतो. सांगितलं असेल का हो? नाही, तुम्हाला कसं कळणार, दार तर बंद आहे. — सगळं छान जायचं, फक्त अकरावा प्रश्न आला की मी घासलेलं भांडं पुन्हा घासायला घ्यायची. तुमच्या हातचं एखादं काम वेळेत झालं नाही असं घडलंय का, आणि का झालं नाही. एवढंच. तीन ठिकाणी हाच विचारला त्यांना, आणि तिन्ही ठिकाणाहून परत आले. इथंही विचारतीलच. विचारतात ना? — बघा.

तर तो स्लॅब. मॅडम, तुम्ही रोज इमारतीत बसता पण तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, स्लॅब ओतला म्हणजे झाला असं नसतं. त्याला पाणी मारावं लागतं, निदान सात दिवस, उन्हाळ्यात तर दिवसातून चार-चार वेळा — गोणपाट अंथरायचं, ते ओलं ठेवायचं, सुकू द्यायचंच नाही. तान्ह्या पोरासारखं असतं ते, पहिले दिवस जपलं तर पुढं धड राहतं. ते काम माझं होतं. भाऊजींनीच लावून दिलं होतं मला, मुकादमाला सांगून — वहिनीला ओझी उचलायला लावू नका, पोर लहान आहे, पाण्याचं काम द्या. बुधवारी मारलं मी, व्यवस्थित, चार वेळा. गुरुवारी नाही मारलं. शुक्रवारी नाही मारलं. — आजारी? हो, मुकादमाला मी तेच सांगितलं नंतर, पोरीला ताप होता, तरी अधूनमधून येऊन पाणी मारून जात होते म्हणून. ताप नव्हता. अंग गार होतं तिचं, काकडीसारखं.

मी कुठं गेले होते सांगू? तुम्ही बाई आहात म्हणून सांगते. कामावर हिला मी बांधून ठेवायची — कापडाची पट्टी, एक टोक हिच्या पायाला, एक खांबाला, कारण वर कठडा नव्हता अजून आणि ही अशी. दिवसभर त्या पट्टीच्या लांबीएवढं जग. पायाला वळ उठायचा, संध्याकाळी मी तेल लावायची नि रडायची, नि सकाळी पुन्हा बांधायची. मग कळलं, पुलापलीकडच्या पाळणाघरात एक बाई हवीय. बाईचं पोरही तिथंच राहील म्हणाले, दोन दिवस काम करून दाखवा, मग बघू. दोन दिवस, मॅडम. गेले. तिथं रंगीत सतरंजी होती, आणि भिंगरी सतरंजीभर पळत होती, पळून पळून पडत होती नि आपलं आपण उठत होती. मी म्हटलं, स्लॅबचं काय, दगडच तो, दोन दिवसांनी काय होतंय. शिकले नव्हते ना तेव्हा, की कुठल्या कामाला सवड नसते ते.

पण खरं बोलणं तर शिकावं लागत नाही, ते येत होतं मला. गुरुवारी रात्रीची जेवणं चालली होती, भाऊजी दोन दिवस मुख्य ऑफिसात होते तक्ता घेऊन, त्यांनी पानावरून मान वर करून विचारलं, वहिनी, पाणी चालू आहे ना? आणि मी वाढता वाढता म्हटलं, हो भाऊजी, चालू आहे. बास. त्यांनी पुन्हा विचारलंसुद्धा नाही. घरच्या माणसाला दोनदा कोण विचारतं? वहीत लिहून टाकलं — झालं. तेव्हा नाही म्हटलं असतं तर त्यांनी ताटावरून उठून माणूस पाठवला असता, तसेच आहेत ते. पुढं शनिवारी मी वर गेले तर गोणपाट कडकडीत वाळलेलं, आणि खाली केसाएवढ्या भेगा. मी काय केलं असेल? पाणी ओतलं नि गोणपाट परत झाकून टाकलं. पोरगी दूध सांडते नि त्यावर बसून राहते ना, तसं.

मग व्हायचं ते झालं. तपासणीवाले आले, ठोकून बघितलं, तुकडे काढून नेले, वरचं काम थांबलं — सव्वीस दिवस. तक्त्यावरच्या सगळ्या पट्ट्या पुढं सरकल्या. मालक म्हणाला, वेळापत्रक ज्याचं, जबाबदारी त्याची, आणि भाऊजींना घरी पाठवलं. मला कुणी काही म्हटलं नाही. पाणी मारणाऱ्या बाईला कोण विचारतं. मुकादमानं एकदा विचारलं, मी तापाचं सांगितलं, त्याला स्वतःचीच कातडी वाचवायची होती, त्यानं मान हलवली. भाऊजी घरी आले तेव्हा मी त्यांना पाणी दिलं नि म्हटलं — ऐका, काय म्हटलं — म्हटलं, नशीब असतं एकेकाचं. स्वतःच्या तोंडानं म्हटलं.

पाच महिने झाले. आमचे हे, म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, गॅरेजात आहेत, मनानं वाईट नाहीत, पण जेवताना एक वाक्य टाकल्याशिवाय घास उतरत नाही त्यांचा. एवढा शिकवला, तक्ते काढले, रंग भरले, आणि एक स्लॅब वेळेत झाला नाही. किंवा, आमच्याकडे गाडी चार वाजता म्हटलं की चारला देतो, तक्ता न काढता. भाऊजी पानाकडे बघत जेवतात. आधी हसायचे, आता तेही नाही. मागच्या आठवड्यात तर हे म्हणाले, ही शेवटची मुलाखत, यात नाही झालं तर माझ्याबरोबर गॅरेजात ये, चाकं काढायला. आणि मी — मी काय करते, तर भाऊजींच्या पानात थोडं जास्त वाढते. झालं माझं प्रायश्चित्त. — आणि हिला कोण सांभाळतं सांगू का? तेच. पाच महिने भिंगरीला पट्टी नाही. मी दुसऱ्या साइटवर जाते, ते हिला भरवतात, फिरवतात, ही त्यांच्या तक्त्यांवर रेघोट्या ओढते. माझ्या पोरीला पाळणाघर मिळालं ते असं मिळालं, मॅडम. पहिल्या मुलाखतीत नाही झालं असं सांगत ते दारात बूट काढत होते, तेव्हा मला आत कुठंतरी... हायसं वाटलं. एक क्षण. आधी हायसं नि मग वाईट. हे मी कुणाला बोलले नव्हते. तुम्हाला कशी बोलून बसले कोण जाणे.

रुमाल ना? हा घ्या. हा माझाच आहे. ते काही विसरले नाहीत, विसरणाऱ्यातले नाहीत ते. मी आले ते साहेबांना सांगायला. तुम्ही फोन उचलायचा नि म्हणायचं, बाहेर त्यांची वहिनी आलीय, स्लॅबचा दोष तिचा आहे, यांचा नाही, तुम्ही यांना घ्या. एवढं होईल ना? — चालू मुलाखतीत नाही. बरं. पण ते आत स्वतःवर घेतायत हो, मला माहीत आहे, रोज मीच तर ऐकलंय ते. मी एकदा म्हटलंसुद्धा, भाऊजी, असं सांगा ना की पाणी मारणारीनं फसवलं. तर कॅलेंडरवर बोट ठेवून म्हणाले, वहिनी, पुढचा प्रश्न. आज सकाळी बुटाला पॉलिश करता करता शेवटचं म्हणून दाखवलं त्यांनी, अगदी असंच — सर, त्या कामात दोन दिवस पाण्याचा खंड पडला, आणि तो मी जागेवर जाऊन पाहिला नाही, घरी बसून मानून घेतलं, चूक माझी. मग मी म्हटलं, छान, आता...

थांबा.

दोन दिवस म्हणाले ते. — नाही, बरोबर आहे, दोनच होते, पण कागदावर दोन नव्हते हो. तपासणीच्या इंग्रजी कागदावर होतं, पाणी पुरेसं मारलेलं दिसत नाही. मीच विचारलं होतं भाऊजींना, काय लिहिलंय म्हणून, त्यांनी वाचून दाखवलं होतं. मुकादमाला मी तापाचं सांगितलं, दिवस सांगितले नाहीत. दोन दिवस हे मला माहीत, आणि त्या पाळणाघराला. आणि त्यांना कोण... फोन. पाळणाघराच्या कागदावर फोन नंबर लिहायचा होता, माझ्याकडे कुठला, मी भाऊजींचा लिहिला. कळवू म्हणाले होते. मी आपली वाट बघत राहिले, कुणी कळवलं नाही असं धरून चालले. कळवलं असणार, मॅडम. दोन दिवस आलेल्या बाईंना सांगा, जमणार नाही — असंच म्हणतात ना फोनवर? तारीखही सांगितली असेल. म्हणजे भाऊजी माझ्या हातचं जेवत होते, मला साहेब करून समोर बसवत होते, अकरावा प्रश्न रोज माझ्याच तोंडून ऐकत होते, आणि... आमचे हे टोमणे मारत होते तेव्हा मी तिथंच असायची, वाढत. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं असतं तरी यांना कळलं असतं. नाही बघितलं. पाच महिन्यांत नाही.

नको, पाणी नको. मी ठीक आहे. नाही, साहेबांना आता काही सांगू नका. त्यांना जे सांगायचंय ते सांगू द्या, मी मध्ये बोलले तर ते खोटे ठरतील, एवढं तरी कळतं मला. आणि अनोळखी माणसांपुढे कबूल व्हायला काय लागतं, तुमच्यापुढे झालेच ना. जिथं बोलायचं तिथं बोलत नव्हते. चल भिंगरी, चप्पल घाल. गॅरेज इथून सरळ एका बसवर आहे, जेवणाची सुट्टी व्हायच्या आत पोचेन, सगळे असतील तेव्हा, त्यांच्या मेकॅनिकांसमोर सांगितलेलं बरं, म्हणजे घरी आल्यावर फिरवता येणार नाही मला. ओरडतील. ओरडू देत. पण आज रात्री पानावर ते वाक्य भाऊजींसाठी नसेल.

एवढं कराल? ते बाहेर आले की त्यांना सांगा, वहिनी आली होती, ती गॅरेजात तुमच्या दादांकडे गेलीय, सगळं सांगायला. ते धावत निघतील मला अडवायला, ओळखते मी त्यांना. विचारतील, कधी गेली. तर बराच वेळ झाला म्हणा.