बॅकअपसमोरची टिक

पनवेलला तळोज्याच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे एका कारखान्यात आयटी सपोर्टचं काम करणारी दोघं उभी होती, मुबीनाताई आणि भावेश.

"काल दिपिका मॅडमचा पीसी फॉरमॅट केलास, त्याआधी बॅकअप घेतला होतास ना?"

"घेतला होता, ताई. डी ड्राइव्हवर."

"वा रे शहाण्या! डी म्हणजे तीच हार्डडिस्क, तीही फॉरमॅटमध्ये पुसली गेली."

"घरी गेल्यावर लक्षात आलं."

"मग चेकलिस्टवर 'बॅकअपमधली फाइल उघडून बघितली' यासमोर तुझी टिक कशी?"

"सवयीने केली."

"लॅबचे तीन वर्षांचे निकाल होते त्यात. सांगितलंस त्यांना?"

"नोकरी जाईल हो. नऊला येतील, तेव्हा कळेलच."

"तोवर त्या काम सुरू करतील. फॉरमॅटनंतरही जुनं बरंचसं डिस्कवर असतं. त्यावर नवं लिहिलं गेलं की संपलं."

"म्हणजे अजून मिळेल?"

"पीसी बंद राहिला तर. किती वाजले?"

"आठ पन्नास. तुम्ही बोलता का, ताई?"

"टिक मी केली होती?"

भावेश रांगेतून बाजूला झाला.

"हॅलो, मॅडम? आज पीसी चालू करू नका... नाही, व्हायरस नाही. माझी चूक झालीय."