काखेत धरायचा रॉड

आमच्या आप्पाने मासेमारीचा रॉड कसा निवडला, ते तुम्हाला सांगितलंच नाही मी. आप्पा म्हणजे माझा मोठा भाऊ. लकवा झाल्यापासून त्याच्या डाव्या हाताची मूठ वळत नाही, पण तापीवर जाऊन मरळ धरायचं वेड काही गेलं नाही. शेवटी मी त्याला नंदुरबारला दुकानात घेऊन गेलो.

दुकानदार एकेक महागडा रॉड काढायचा आणि तो वजनाला किती हलका ते सांगायचा. आप्पा मात्र प्रत्येक रॉड डाव्या काखेत दाबून उजव्या हाताने रीळ फिरवून बघायचा.

दुकानदार हसला. "भाऊ, रॉड असा नही धरतस."

"मन्ही मूठ धरत नही, काख धरस," आप्पा म्हणाला.

त्याने सगळ्यात स्वस्त रॉड घेतला. जड होता, पण मागचा दांडा लांब असल्यामुळे काखेत पक्का बसायचा. रीळही साधंच घेतलं, फक्त त्याचं हँडल उजवीकडे बसवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तापीच्या काठावरून त्याने गळाला आमिष म्हणून लावलेला रबरी बेडूक पाण्यात फेकला, रॉड काखेत दाबला आणि हळूहळू रीळ फिरवायला लागला. तिसऱ्या खेपेला मरळीने बेडूक ओढला. रॉड वाकला, आप्पा गुडघ्यावर आला. मी धावत जाऊन रॉडला हात घातला.

"दूर ऱ्हाय!" तो ओरडला. "मन्हा शर्टना बटनंबी तुम्हीच लावतस. हाऊ मासा तरी माले काढू दे."

मी मागे सरलो. मरळ काठावर येईपर्यंत दोन्ही हात खिशात घालून उभा राहिलो.