कुठली पिशवी?

नाही, तुम्हीच सांगा, एका बाईनं दुसऱ्या बाईला ‘माझी पिशवी लहान केली’ असं सांगितलं तर दुसऱ्या बाईनं काय समजायचं? बाजाराची पिशवी? आमच्या बिल्डिंगमध्ये तळापासून गच्चीपर्यंत पिशवी म्हणजे एकच. शांताबाईंची पिशवी काढली, माझ्या नणंदेची पिशवी सरकली, असं आम्ही नळावर हंडे लावून बोलतो, आणि आजवर कुणी विचारलेलं नाही की कुठली पिशवी. मग समोरच्या सुगंधानं अमेरिकेहून आल्या आल्या माझ्या कानात सांगितलं, “काकू, ऑपरेशन केलं, आत पिशवीला टाचण्या मारून लहान केली, कुणाला बोलू नका,” तर मी काय समजू? मी समजले, संपलं. लग्नाला सात वर्षं, पाळणा हलला नाही, आणि आता पिशवीलाच टाचण्या. घरी आले आणि देवापुढे बसून रडले. मला काय करायचंय म्हणा, शेजारी आपले शेजारी... पण माणसाला रडू येतं ना.

आता ही सुगंधा कोण, ते तुम्हाला सांगते. घाटकोपरला आमची हाउसिंग बोर्डाची बिल्डिंग, तिसरा मजला, दारासमोर दार. नवरा सहदेव कांजूरला कारखान्यात फिटर, अंगानं काडी, आणि ही एकशे बारा किलो. स्वभावानं साखर, पण जिना चढायची तो प्रत्येक मजल्यावर वस्ती करत. गुडघे गेले, पाळीचा पत्ता नाही, डॉक्टर सगळे एकच सांगायचे, वजन उतरवा. कसं उतरवणार? बिचारीनं मेथीचं पाणी प्यायलं, दुधीचा रस प्यायला, सोळा सोमवार केले. शेवटी तिची बहीण सुलक्षणा, अमेरिकेत नर्स आहे, ती तिकडे घेऊन गेली. वर्षभरानं दाराची बेल वाजली, मी उघडलं, समोर एक बारीकशी बाई. मी म्हटलं, “सुगंधा नाही हो, ती अमेरिकेला असते.” तर ती बाई माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. तीच सुगंधा होती.

बरं, पुढं सहा महिन्यांत तिला दिवस गेले. मला कसं कळलं? मला काय करायचंय म्हणा, पण त्यांची मोरी आणि आमची मोरी एका भिंतीची, सकाळची ओकारी काय मी कानात बोळे घालून अडवू? मी तशीच ओल्या हातानं गेले. म्हटलं, “अगं पोरी, आनंद आहे, पण मावणार कसं?”

ती म्हणाली, “मावतं हो काकू, थोडं थोडं.”

“थोडं थोडं? आणि वाढलं म्हणजे?”

“वाढलं की लगेच उलटून पडतं.”

मी तिला आधी खाली बसवलं. म्हटलं, “आणि ताण पडून टाचण्या सुटल्या तर?”

“म्हणून तर तीन घासांवर थांबते,” ती म्हणाली, हसत.

हसत, बरं का. मला वाटलं, हिच्या डोक्यावर परिणाम झाला. म्हटलं, मूल अडचणीत वाढणार आहे, निदान अंगानं तरी धट्टंकट्टं होऊ दे. डिंकाचे लाडू केले, खारीक-खोबरं सढळ, एकेक लाडू असा मुठीएवढा. दाराशी उभं राहून खायला लावले. “दोन जिवांची आहेस, खा.” ती नाही म्हणायची, मी भरवायची. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात घेरी येऊन पडली. घाम नुसता, ओठ पांढरे. सहदेव कामावर, म्हणून मीच रिक्षात घालून नेली, आणि रिक्षात ती माझा हात धरून एवढंच म्हणत होती, “काकू, हे राहील ना? हे गेलं तर परत नाही होणार.” मी पदरानं तिचा घाम पुसत राहिले. लाडू माझे.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. बाळ ठीक होतं. मग मला बोलावलं. मी म्हटलं, “बाई, पिशवीच लहान, तिचा काय दोष.” त्या म्हणाल्या, “कुठली पिशवी?” ...आणि मग कागदावर चित्रच काढलं त्यांनी. वर एक पिशवी जेवणाची, तिला टाचण्या, आता वाटीएवढी. खाली दुसरी, बाळाची, तिला कुणी हात लावलेला नाही, खणखणीत. “लाडू बंद,” म्हणाल्या. “एवढ्याशा पिशवीत इतकं गोड गेलं की घेरी येणारच. दर दोन तासांनी चार-चार चमचे, गोळ्या, इंजेक्शनं, पंधरा दिवसांनी मला दाखवायचं. आणि हिला मुंबईबाहेर धाडायचं नाही, असली केस गावाकडे कुणी बघितलेली नसते.” पन्नास वर्षांची झाले मी, दोन बाळंतपणं काढली, आणि पोटात दोन पिशव्या असतात हे मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर मात्र मी घड्याळ लावून बसले. मऊ भात, मुगाचं कढण, अर्धं अंडं. मला काय करायचंय म्हणा, पण लाडवांचं प्रायश्चित्त कुणी घ्यायचं?

सातव्यात मालवणहून सासू आली. जानकीबाय. हातात फणसाचे गरे, डोक्यात गावच्या सुईणीचं नाव. तिला ऑपरेशनचं माहीत नव्हतं. सहदेवानं सांगितलं होतं, अमेरिकेचं पाणी असंच, माणूस बारीक होतं. तिनं सुनेचे चार चमचे बघितले आणि कपाळाला हात लावला. “काय गो ह्या? चिमणीसारख्या खाता. पोराक काय गावतला? डोहाळजेवणाक नीट जेवली तर हय रवांदेत, नाय तर परवाच्या एस्टीन गावाक नेतलंय मी.”

सुगंधा माझ्याकडे बघायला लागली. मी तोंड उघडलं, “जानकीबाय, त्याचं काय आहे, हिच्या पिशवीला...” आणि सुगंधानं माझ्या पायावर पाय दिला. बरोबरच होतं तिचं. हा शब्द एकदा सुटला असता तर म्हातारी माझ्यासारखंच भलतं समजली असती आणि त्याच संध्याकाळी तिला घेऊन निघाली असती.

डोहाळजेवणाचं ताट तुम्ही बघायला हवं होतं. वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, साखरभात, शेवयांची खीर, भजी, अळूवडी. सासू समोर पाट टाकून बसलेली, डोळ्यात तेल घालून. सुगंधाचा दुसरा घास झाला, तिसरा झाला, कपाळावर घाम... आणि मला काय सुचलं देव जाणे. म्हटलं, “थांबा, आमच्या चिपळूणकडे रीत आहे. गर्भारणीच्या ताटात एक सवाष्ण जेवते. मूल शांत निपजतं.” कुठली रीत नि कुठलं काय. पण मालवणच्या बाईला चिपळूणची रीत काय ठाऊक? मी तिच्या शेजारी बसले आणि ते ताट चाटून पुसून साफ केलं. खीर दोनदा घेतली. सुगंधानं फक्त हात हलवत ठेवला. जानकीबाय खूश. “बघा, कशी जेवली सून माझी.”

गावी जाणं टळलं. पण दुसऱ्या दिवशी बाराला माझ्या दारावर थाप. “गो चंपा, चल, ताट वाढलंय.” म्हटलं, कसलं ताट? “रीत ना गो तुमची? अर्ध्यात कशी सोडतलंस?”

दोन महिने. दोन्ही वेळा. ओल्या नारळाशिवाय म्हातारीचं पान हलत नाही. एकाच ताटात सुगंधाचे चार चमचे, बाकी मी. नको म्हणावं तर ती एसटीचं टाइमटेबल काढायची. आमचे हे, दत्ताराम, विचारायचे, “तू जेवायला तिकडे नोकरीला लागलीस का?” मी म्हटलं, गप्प बसा, पोरीच्या बाळाचा प्रश्न आहे. मला काय करायचंय म्हणा... पण सोडू कशी? डॉक्टरीणबाई काट्यावर सुगंधाला उभी करायच्या, म्हणायच्या, छान, पाच किलो वाढलं. त्यांनी मला कधी उभं केलं नाही, देवाची कृपा.

मुलगी झाली. दोन किलो सहाशे, केस दाट, आवाज तर शांत म्हणायची सोय नाही. सुगंधा आठ दिवसांत हिंडायला लागली, पोट सपाट, पाचवारी नेसून बारशाला चहाचे कप गोळा करत होती. मी बाळाला मांडीवर घेऊन पाळण्याजवळ बसले होते. तेवढ्यात दिंडोशीहून जानकीबायची मावसबहीण आली, उशिरा, घाईत; हिनं सून कधी बघितलेली नाही, जाडी आहे एवढंच ऐकलेलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, कप गोळा करणारी बारीक पोर बघितली, मांडीवर बाळ घेतलेली मी बघितली. सरळ माझ्याकडे आली, कुंकू लावलं, माझ्या पोटाकडे मायेनं बघत म्हणाली, “उतरेल गं सावकाश, पहिली दोन वर्षं असंच असतं. जरा उशिरानंच झालं म्हणायचं, पण झालं ना.”

सुगंधा तोंडात पदर कोंबून मोरीत पळाली. आणि त्या बाईंनी नारळ, खण, तांदूळ घेऊन हात पुढे केलेले... आता तुम्हीच सांगा, सवाष्णीनं भरायला आणलेली ओटी परत कशी करायची? केला पदर पुढे.