बाबांची बॅट

मी ठाण्याचीच, टेंभी नाक्याच्या मागे चाळीत जन्म, गाव म्हणाल तर सावंतवाडीकडचं, पण तिकडे आम्ही गणपतीपुरते. बाबा माझे मैदानावर माळी, म्हणजे फुलझाडंवाले नाही हो, क्रिकेटची पीच करायचे, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, उन्हात राहून राहून मान काळी ठिक्कर. लग्न होऊन मी वर्तकनगरला आले, शिवणकाम करते, पोरांचे खेळाचे टी-शर्ट, ट्रॅकपँट, आणि नवरा मिळाला तो काय सांगू तुम्हाला, सह्या गोळा करणारा!

खेळाडूंच्या सह्या. क्रिकेटवाले, कबड्डीवाले, कॅरमवाले पण. सुट्टी आली की हे निघाले पेन घेऊन, गेटवर उभे. विकत एक घेणार नाहीत. म्हणतात बाजारात नुसता खोट्यांचा सुळसुळाट, कुणीतरी घरी बसून गिरवतं नाहीतर छापतं, आपल्या डोळ्यांसमोर केली तीच सही. फक्त एक बॅट यांच्यासमोरची नाही, ती माझ्या बाबांनी दिलेली. एक मोठा फलंदाज, नाव नाही सांगत, सरावाला आलेला, पीचवर खूश झाला आणि बाबांच्या रोलरवर बसून त्याने बॅटवर सही करून दिली. जावयाला वेड म्हणून बाबांनी ती यांना दिली. आता बाबा नाहीत, बॅट कपाटात काचेमागे.

यंदा गणपतीनंतर डोंबिवलीहून यांचे मित्र देसाई आले, तेही सह्यावाले. बॅट हातात घेतली, लांब धरली, आणि म्हणाले वहिनी, ही छापील हो, दुकानातल्या बॅटींवर अशा सह्या छापूनच येतात, तुमच्या वडिलांना कुणीतरी गंडवलं असेल, नाहीतर त्यांनीच... पुढे बोलले नाहीत, पण मला कळलं ना! चहा दिला मी, पण डोकं असं तापलेलं. हे म्हणाले अगं सोड, देसाई काय देव आहे का. आणि मग हेही बॅट उचलून निरखायला लागले ना, ते मला जास्त लागलं. बाबांनी जन्मात कुणाला थाप मारली नाही, आणि गेल्यावर त्यांना खोटं ठरवायचं? घास उतरेना मला.

मग आली खंडेनवमी. आमच्याकडे मशीन, कात्री पूजेला, आणि बाबांची बॅट पण, मीच ठेवते. दरवर्षी कोरडं फडकं घेते. यंदा मशीनला तेल घातलं, पुसलं, आणि त्याच तेलकट फडक्याने, डोकं कुठे होतं कुणास ठाऊक, बॅट पुसली. बघते तर सही पसरली, निळंच निळं सगळं! अशी किंचाळले मी, हे साबणासकट बाहेर. आई गं, बाबांची तेवढीच एक वस्तू हो घरात. यांनी बॅट उचलली. खिडकीशी गेले, भिंग लावलं, नख फिरवलं, आणि हसायलाच लागले. म्हटलं हसता काय मेलं. तर म्हणतात अगं वेडे, छापील असती तर अशी पसरली असती का, बॉलपेन आहे हे, आणि हे बघ, पेन दाबून लाकडात चर पडलेत, हाताने केलीय.

दसऱ्याला देसाई सोनं द्यायला आले. मी आपट्याची पानं घेतली आणि बॅट पुढे केली, घ्या, बघा आता. त्यांच्याकडे त्याच खेळाडूची सही, स्वतः समोर उभं राहून घेतलेली, तिचा फोटो मोबाईलवर काढून शेजारी धरला. शाई पसरली तरी चर होते, शेवटचं अक्षर ओढून खाली रेघ मारायची तऱ्हा हुबेहूब तीच. कान पकडले हो त्यांनी, वहिनी, चुकलो. म्हटलं मला नका सांगू, तिकडे सांगा, आणि बाबांचा फोटो दाखवला. त्यांनी खरंच हात जोडले. मग मी रडले, पोटभर रडले, कसं हलकं वाटलं म्हणून सांगू!

आता लांबून नुसता निळा डाग दिसतो. देसाई म्हणतात, आता बाजारात हिला कुणी विचारणार नाही. नको विचारू देत. जेवण जातं मला, झोप लागते, देवाने आणखी काय द्यायचं? घरी कुणी आलं की काचेतून बघतं, विचारतं, ही कुणाची हो?

मी सांगते, माझ्या बाबांची.