शाल्मलीचं बारसं

मुलीचं नाव ठेवणं सोपं असतं असं वाटत असेल, तर आमच्याकडचं बारसं ऐका. चंदनसारला आमच्या बिल्डिंगमध्ये तीन आराध्या आणि दोन अनन्या आहेत. त्यामुळे बायकोची अट होती, नाव तीन अक्षरीच हवं, पण आसपास कुणाचंच नको. दोन महिने शोधून तिने 'शाल्मली' काढलं.

बारशापर्यंत ते गुपित. फक्त माझ्या ताईला सांगितलं, कारण आत्या म्हणून कानात नाव तीच सांगणार होती. गोखिवऱ्याहून रिक्षाने येताना ती नाव पाठ करत आली.

पाळण्यात वाकून ताईने 'कुर्रर्र' केलं, कानात पुटपुटली आणि आगाशीहून आलेल्या बायकोच्या मावश्यांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. वाडीत कामं केलेले हात ते. ताई कळवळली.

"नाव काय ठेवलं?" सासूबाईंनी विचारलं.

"श वरून आहे," ताई म्हणाली, पण पुढचं तिला आठवेना. मग तिची नजर पाळण्याला बांधलेल्या फुलांवर गेली. "शेवंती."

मी तोंड उघडेपर्यंत मावश्यांनी शेवंतीच्या नावाने पाळणा म्हणायला सुरुवातही केली.

आतल्या खोलीत बायको रडकुंडीला आली. "ताई, दोन महिने शोधलं होतं हो मी."

ताई पाठ चोळत शांतपणे म्हणाली, "अगं, तिच्या कानात मी शाल्मलीच सांगितलंय. धपाटे नंतर पडले. मोठी झाली की तीच सांगेल सगळ्यांना."